एकेटीच्या गोळ्यांनी कावीळ झाली. उंदरांवरच्या चाचण्यांत हे आधी कळलं नव्हतं का?

फळा_खडू (बारामती)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबट आहे, सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या दिरांना फुप्फुसाचा टीबी निघाला. सरकारी दवाखान्यातून एकेटी, म्हणजे टीबीवरच्या औषधांचा कोर्स, सुरू झाली, वजन बघून रोजच्या गोळ्या ठरल्या. सुरुवातीचे आठवडे बरे गेले. खोकला कमी झाला, भूकही लागायला लागली होती. मग अचानक अन्नाचा वास नकोसा झाला, उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे दिसायला लागले. एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या त्रासाची रक्तचाचणी, चारशेच्या वर. डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या, आकडे खाली यायची वाट पाहिली आणि मग एकेक औषध पुन्हा सुरू केलं. आता त्यातलं पायरझिनामाइड हे औषध वगळून कोर्स चालू आहे आणि भावजी नांगरटीला जाण्याइतपत बरे आहेत. तेव्हा उपचाराचा सल्ला नकोय. तो घेऊन झालाय.

मला वेगळंच कुतूहल आहे. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. "औषध आधी प्राण्यांवर तपासतात, मग माणसाला देतात" हे वाक्य मी दरवर्षी वर्गात म्हणते. या गोळ्या तर कित्येक दशकं वापरात आहेत. मग यकृताला होणारा त्रास प्राण्यांत दिसला नव्हता का? दिसला नसेल तर का?

दुसरं म्हणजे, परवा पेपरात "माणसाचं यकृत असलेला उंदीर" अशी चौकट वाचली. आपलं यकृत दीड किलोचं, अख्खा उंदीर पंचवीस ग्रॅमचा. हे बसवतात कुठे? की नुसतं नाव?

आणि तिसरं, असा उंदीर असता तर आमच्या भावजींना कावीळ होणार हे आधी कळलं असतं का?

---

रानमेवा

एका ओळीत सांगतो. प्राण्यांवरच्या चाचण्या हा कंपन्यांचा देखावा आहे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यात आता माणसाचं लिव्हर घालून त्याचे आणखी हाल करायचे. बंद करा हे सगळं.

---

गोठ्यातली_डॉक्टर

ताई, मी पशुवैद्य आहे. परभणीला शिकले, सुरुवातीला गावाकडे दवाखाना केला, नंतर परदेशात एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नेमके हेच उंदीर सांभाळायचं काम केलं. आता हैदराबादजवळ एका अ‍ॅनिमल हाऊसवर आहे. तुमच्या तिन्ही प्रश्नांना उत्तरं आहेत, पण तिसऱ्याचं तुम्हाला आवडेल असं वाटत नाही. रानमेवांशी नंतर बोलते.

औषध पोटात गेलं की यकृत त्याची मोडतोड करतं. पुष्कळदा त्रास मूळ औषधाचा नसतोच, त्या मोडतोडीत तयार झालेल्या एखाद्या पदार्थाचा असतो. आणि मोडतोड करणारी विकरं प्रत्येक प्राण्यात निराळी असतात. दवाखान्यात असताना लोक मांजर घेऊन यायचे, ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल दिलेली असायची. माणसाला जी गोळी किरकोळ, ती मांजराचा जीव घेऊ शकते, कारण पॅरासिटामॉलला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून ते बाहेर टाकणारं विकर मांजरात धड कामच करत नाही. (कुणाच्या घरी मांजर असेल तर हे लक्षात ठेवा, बाकीचं वाचलं नाही तरी चालेल.) तुमच्या विषयातलंच उदाहरण हवं असेल तर एकेटीतलं आयसोनियाझिड बघा. ते निष्प्रभ करण्याची मुख्य वाट म्हणजे त्याला अ‍ॅसिटिल गट जोडणं, आणि ते काम करणाऱ्या एनएटी विकराची जनुकंच कुत्र्यात नाहीत. उंदराचं दुसरं टोक. औषधं हाताळणाऱ्या पी४५० कुटुंबाची माणसात ५७ जनुकं आहेत, उंदरात १०२. त्यातली बरीचशी एकमेकांशी जुळत नाहीत.

म्हणजे साधा उंदीर कायम चुकतो असं मात्र नाही. पॅरासिटामॉलच्या अतिडोसनं यकृत कसं मरतं हे शिकायला उंदीर उत्तम आहे, उलट त्याचा भाऊबंद मोठा उंदीर, म्हणजे रॅट, तिथे फारसा उपयोगाचा नाही. औषध कोणतं आणि ते कोणत्या वाटेनं जातं, यावर सगळं ठरतं. अडचण ही की नव्या औषधाची वाट आधीपासून माहीत नसते.

ती माहीत नसल्यावर काय होतं याचं सगळ्यात वाईट उदाहरण १९९३ सालचं आहे. फियालुरिडिन नावाचं हिपॅटायटिस बीवरचं औषध. अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १५ रुग्णांवर त्याची चाचणी चालू होती. त्याआधी उंदीर, रॅट, कुत्री, माकडं, सगळ्यांना देऊन झालं होतं आणि यकृत निकामी होण्याचं चिन्ह कुठेही नव्हतं. माणसांतही पहिले दोन महिने सगळं छान होतं, विषाणू उतरत होता. मग एका रुग्णाची तब्येत एकदम ढासळली. औषध तातडीनं थांबवलं, पण थांबवल्यावरही एकेकाचं यकृत बंद पडत गेलं. १५ पैकी ७ जणांचं यकृत निकामी झालं, ५ दगावले. उरलेले दोघे यकृत प्रत्यारोपणामुळे वाचले.

का झालं, ते कोडं सुटायला बरीच वर्षं लागली, आणि ते तुमच्या दहावीच्या पुस्तकातल्या तंतुकणिकेपाशी जाऊन थांबतं. हे औषध डीएनएच्या एका घटकासारखं दिसतं. ते तंतुकणिकेत शिरलं की तिच्या स्वतःच्या डीएनएमध्ये खोटा मणी म्हणून ओवलं जातं आणि तंतुकणिका हळूहळू बंद पडते. आता, पेशीत शिरलेलं औषध तंतुकणिकेच्या आत न्यायला एक वाहक प्रथिन लागतं. माणसात ते प्रथिन तंतुकणिकेच्या पडद्यावर असतं. उंदरात तेच प्रथिन पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर आहे, पण तंतुकणिकेवर नाही. म्हणून उंदीर वाचला. त्याला वर्षभर पाजलं असतं तरी आपल्याला हवं ते उत्तर त्यानं दिलं नसतं. अमेरिकेतला वूडचक नावाचा बिळात राहणारा एक गुबगुबीत प्राणी आहे, त्याला मात्र या औषधानं माणसासारखंच यकृत निकामी होतं, पण ते नंतर कळलं.

तिथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. "माणसाचं यकृत असलेला उंदीर" हा मथळा वाचला की माझं डोकं तापतं, कारण अख्खं यकृत कुणीही बसवत नाही. बसवतात त्या फक्त यकृताच्या मुख्य पेशी, हिपॅटोसाइट. मी सांभाळलेल्या उंदरांची जात एफआरजी, अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये २००७ साली तयार झालेली. तिच्यातून तीन जनुकं काढलेली असतात. दोन काढल्यामुळे प्रतिकारशक्ती जवळपास शून्य होते, म्हणजे परक्या पेशी आल्या तरी हल्ला होत नाही. तिसरं जनुक टायरोसिन या अमिनो आम्लाच्या विघटनाची शेवटची पायरी सांभाळणारं. ते नसल्यावर यकृताच्या पेशीत विषारी पदार्थ साठतो आणि पेशी मरते. माणसांतही हा जन्मजात आजार असतो, आणि त्यावर निटिसिनोन हे औषध आहे. ते विघटनाची साखळी आधीच अडवतं, म्हणून विष तयार होत नाही.

तर या उंदरांना जन्मापासून पाण्यातून निटिसिनोन देतात. मग डाव्या कुशीत छोटा छेद घेऊन प्लीहेत माणसाच्या यकृतपेशी टोचतात. प्लीहेतलं रक्त थेट यकृतात जातं, त्यामुळे पेशी आपोआप तिथे पोचतात. पेशी येतात त्या दान केलेल्या पण प्रत्यारोपणाला न चाललेल्या यकृतांतून. आता पाण्यातलं औषध काढून घ्यायचं. उंदराच्या स्वतःच्या पेशी मरायला लागतात, यकृताला वाढायची घाई सुटते, आणि ज्या पेशींत ते जनुक शाबूत आहे त्याच वाढतात, म्हणजे माणसाच्या. घर उंदराचं आणि भाडेकरू माणसं, असा प्रकार. काही महिन्यांत चांगल्या उंदरात नव्वद टक्क्यांपर्यंत पेशी माणसाच्या होतात. आकार मात्र उंदराच्या यकृताएवढाच, तेव्हा दीड किलोची काळजी नको.

लिहायला हे चार ओळींत झालं. प्रत्यक्षात औषध काढल्यावर उंदराचं वजन उतरायला लागतं. रोज काट्यावर ठेवायचं, पाठ कुबडी झालीय का, केस विस्कटलेत का बघायचं. ठरलेल्या मर्यादेखाली वजन गेलं की औषध परत द्यायचं, सावरला की परत काढायचं. पिंजऱ्यात गाळलेली हवा, खाणं, पाणी, भुसा सगळं निर्जंतुक केलेलं. एखाद्या क्षुल्लक जंतूनं महिन्यांची मेहनत जाते. कितपत काम झालंय हे कळायला शेपटीतून थेंबभर रक्त काढून त्यात माणसाचं अल्ब्युमिन मोजतात. उंदराच्या रक्तात माणसाचं अल्ब्युमिन म्हणजे ते बनवणारी माणसाची पेशी आत जिवंत आहे. तो आकडा चढायला लागला की आमच्याकडे कुणीतरी चहा पाजायचं.

अशा आणखी दोन जाती आहेत. कॅनडातल्या एडमंटनच्या गटानं २००१ साली अशाच एका उंदरात हिपॅटायटिस सीचा संसर्ग करून दाखवला होता, जो साध्या उंदराला होतच नाही. जपानमधली टीके-नॉग ही दुसरी. फियालुरिडिनचं कोडं या दुसऱ्या जातीवर परत तपासलं गेलं. स्टॅनफर्डच्या गटानं २०१४ साली प्रसिद्ध केलं की मानवी यकृतपेशी असलेल्या या उंदरांना माणसाच्या सुमारे दहापट डोस १४ दिवस दिला तरी त्रास दिसतो, रक्ताच्या तपासण्यांपासून सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रापर्यंत तोच, जो १९९३ मध्ये रुग्णांत दिसला होता. त्याच उंदरांना सोफोसबुविर हे चांगलं औषध दिलं तर काही झालं नाही. ही दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. प्रत्येक औषधाला "विषारी" म्हणणारी चाचणी कुणाच्याच कामाची नसते.

आता तुमच्या एकेटीवर येते. "मानवी केलेला उंदीर" या नावाखाली एक अगदी वेगळा प्रकारही येतो, त्यात पेशी बदलत नाहीत, एखादंच जनुक बदलतात. एकेटीतलंच रिफॅम्पिसिन हे औषध माणसाच्या यकृतात पीएक्सआर नावाच्या ग्राहक प्रथिनाला जागं करतं आणि ते जागं झालं की औषधं मोडणारी विकरं भराभर वाढतात. (म्हणूनच एकेटी चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही. डॉक्टर सांगतात, पण घाईत राहून जातं.) उंदराचं पीएक्सआर रिफॅम्पिसिनला दादच देत नाही. मग उंदरातलं ते जनुक काढून माणसाचं घातलं, तेव्हा उंदीर रिफॅम्पिसिनला माणसासारखा प्रतिसाद द्यायला लागला. हे २००० सालचं काम. २०१३ मध्ये याच धर्तीच्या उंदरांना रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड एकत्र दिलं, तर यकृतात प्रोटोपॉर्फिरिन साचताना दिसलं. प्रोटोपॉर्फिरिन हा हिमोग्लोबिनमधला हीम तयार होण्याच्या वाटेवरचा शेवटून दुसरा टप्पा. जास्त साठला तर यकृताला मारक. साध्या उंदरात हा धागा हाती लागणं कठीण होतं, कारण त्याचं पीएक्सआर रिफॅम्पिसिनपुढे झोपलेलंच राहतं.

आणि तिसरं. नाही ताई, भावजींचं आधी कळलं नसतं. एकेटीचं यकृताला जड जाणं ही बातमी राहिलेली नाही, ते माणसांत बघूनच माहीत झालंय. प्रश्न असतो तो *कुणाला* होणार हा. आयसोनियाझिडला अ‍ॅसिटिल जोडण्याचा वेग माणसागणिक वेगळा, काहींचं विकर जन्मतःच मंद. आपल्या देशात मंदवाल्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांना धोका जास्त. उंदरात ज्या पेशी टोचल्या त्या कुणा एका दात्याच्या. तो दाता जलद असेल तर सगळे उंदीर जलद. तुम्ही दहा पिंजरे भरले तरी उत्तर एकाच माणसाचं मिळतं. वर दिरांचं वजन, टीबीमुळे आलेला अशक्तपणा, बाकी काही औषधं चालू असतील ती, यातलं काहीच त्या पिंजऱ्यात नसतं.

---

सोलापूरचा_फिजिशियन

गोठ्यातल्या डॉक्टरांनी सविस्तर लिहिलंय, मी रुग्णांच्या बाजूचं तेवढं जोडतो.

आमचा ढोबळ नियम असा: मळमळ, उलट्या, कावीळ अशी लक्षणं असतील आणि एसजीपीटी कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेलं, किंवा लक्षणं नसताना पाचपटीवर गेलं, तर यकृताला त्रास देणारी औषधं थांबवायची. थोडंसं वाढणं अनेकांत होतं आणि आपोआप बसतं, त्यासाठी एकेटी सोडायची नसते. स्वतःच्या मनानं तर मुळीच नाही. अर्धवट एकेटी म्हणजे औषधांना न जुमानणाऱ्या टीबीला आमंत्रण. भावजींचं एकेक औषध परत सुरू करून पायरझिनामाइड वगळलं हे नेहमीच्या पद्धतीला धरूनच झालं.

आणि एक कळकळीनं. एकेटीवर असताना डोळे पिवळे झाले की आमच्याकडे लोक आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे जातात. कानात तेल, गळ्यात माळ, पोटात कसलासा रस, आणि एकेटी मात्र चालूच. दोन आठवड्यांनी आमच्याकडे येतात तेव्हा बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा रक्तातला आकडा, वीसच्या पुढे असतं. माळ घाला हवी तर, पण त्याच दिवशी गोळ्या घेऊन दवाखान्यात या.

---

चिंचगूळ

डॉक्टर, मग गुळवेलीचं काय? करोनात आमच्या सोसायटीत सगळे काढा पीत होते. नंतर बातमी आली की लिव्हर खराब होतं. असल्या उंदरावर गुळवेल तपासता येईल का?

---

सोलापूरचा_फिजिशियन

बातमी मुंबईच्या डॉक्टरांच्या २०२१ सालच्या लेखाची होती. गुळवेल घेणारे सहा रुग्ण, यकृताला सूज, आणि चित्र बऱ्यापैकी स्वप्रतिकारजन्य आजारासारखं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्यासारखं. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता हेही सांगायला हवं. मी माझ्या रुग्णांना एवढंच विचारतो: थायरॉइड किंवा दुसरा कुठला स्वप्रतिकारजन्य आजार आहे का? असेल तर काढा नको. उंदराचं डॉक्टरीणबाईंनी सांगावं.

---

गोठ्यातली_डॉक्टर

चिंचगूळ, तपासता येईल, पण उत्तर फसवं येईल. या उंदरांत प्रतिकारशक्ती मुद्दामच काढलेली असते, नाहीतर माणसाच्या पेशी टिकणार नाहीत. ज्या त्रासाचं मूळ प्रतिकारशक्तीत आहे तो दिसायला लढणारं सैन्यच जागेवर नाही. उंदीर ठणठणीत राहील आणि कुणीतरी "गुळवेल सुरक्षित असल्याचं सिद्ध" असा मथळा देईल. औषधांनी होणाऱ्या यकृताच्या त्रासांत हा प्रकार मोठा आहे. फ्लुक्लॉक्सासिलिन या प्रतिजैविकाचा त्रास तर एचएलए-बी*५७:०१ हे विशिष्ट जनुकरूप असलेल्यांनाच जास्त होतो. माणसाच्या यकृतपेशी आणि माणसाच्या प्रतिकारपेशी, दोन्ही एकाच उंदरात बसवायचे प्रयत्न चालू आहेत, पण ते उंदीर सांभाळणं म्हणजे शिक्षा आहे.

आता रानमेवा. देखावा म्हणालात. फियालुरिडिनसाठी जे प्राणी वापरले त्यांचं बलिदान फुकट गेलं, हे मी मान्य करते, तुमच्यापेक्षा जास्त जवळून. पण त्यातून निघणारा धडा "प्राणी बंद" इतका सरळ नाही. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये नवीन औषधांचे नियम बदलले. चिपवर वाढवलेल्या मानवी पेशी, त्रिमितीय पेशीगोळे अशा पद्धतींचे निष्कर्षही आता चालतात. अमेरिकेनं त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती कायद्यातून काढली. यकृताची चिप चांगली आहे. एका मोठ्या चाचणीत २७ औषधं ओळखीसाठी दिली होती, त्यातली त्रास देणारी ८७ टक्के औषधं तिनं पकडली आणि निरुपद्रवी एकालाही गुन्हेगार ठरवलं नाही. हे मी आनंदानं लिहिते. माझे पिंजरे कमी झाले तर मला हवंच आहे.

पण फियालुरिडिनचा त्रास माणसात दोन महिन्यांनी दिसला. तोंडावाटे घेतलेलं औषध आतड्यातून जातं, यकृतात बदलतं, पित्तात उतरतं, काही भाग परत शोषला जातो, उरलेला मूत्रपिंडाकडे. असं आठवडेच्या आठवडे चालतं. हा सगळा फेरा अजून तरी जिवंत शरीरातच नीट बघता येतो. व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी यकृतात महिनोनमहिने झोपून राहतो आणि मग परत ताप आणतो, तो झोपलेला परजीवी बघायलाही हेच एफआरजी उंदीर कामी आले. साध्या उंदराला तो मलेरिया होतच नाही.

माझं म्हणणं एवढंच की कुठल्याही प्रयोगाचा निकाल वाचला की आधी विचारायचं, यातला कोणता तुकडा माणसाचा आहे? फक्त एक ग्राहक, की यकृतपेशी? त्रास त्या तुकड्यातून येणारा असेल तर उंदराचं ऐका. नसेल तर त्याचं गप्प राहणं म्हणजे होकार समजू नका.

---

रानमेवा

"जास्त जवळून" हे पटलं. बाकी मत तेच आहे. पण आधी मांजराचं वाचून बायकोला फोन केला, ती आमच्या मनीला अर्धी गोळी द्यायच्या बेतात होती.

---

फळा_खडू (बारामती)

सगळ्यांचे आभार. तिसऱ्याचं उत्तर खरंच आवडलं नाही, पण पटलं. तंतुकणिकेच्या वाहकाची गोष्ट आज दहावी ब ला सांगितली. एरवी तंतुकणिका म्हणजे "पेशीचे ऊर्जाघर, दोन गुण" एवढंच असतं. आज तास संपल्यावरही चार जण थांबले.

त्यांतल्या एकाचे वडील फॅटी लिव्हरसाठी औषध घेतात. त्यानं विचारलं, "मॅडम, माणसाच्या पेशी आहेत म्हटल्यावर त्या उंदरालाही फॅटी लिव्हर होईल का?" मी सांगितलं, विचारून येते. दुसरीनं विचारलं, त्या यकृतातलं उंदराचं काय काय शिल्लक राहतं. तेही सांगा, वेळ असेल तर.

---

गोठ्यातली_डॉक्टर

दोन्ही पोरांना शाबासकी द्या, या प्रश्नांवर लोक पीएचडी करतात.

मुलीचं आधी, कारण त्यातूनच मुलाचं उत्तर निघतं. हिपॅटोसाइट सोडून जवळजवळ सगळं उंदराचंच राहतं. रक्तवाहिन्यांचं अस्तर, पित्तनलिका, जंतू गिळणाऱ्या कुप्फर पेशी, व्रण धरणाऱ्या ताराकृती पेशी. यकृताबाहेरचं आतडं, मूत्रपिंड, संप्रेरकंही उंदराची. माणसाच्या पेशी रात्रंदिवस उंदराचे निरोप ऐकत जगतात, आणि सगळे निरोप त्यांना कळत नाहीत.

आता मुलगा. हो, होतं, आणि काही न करता होतं. उंदराचं वाढीचं संप्रेरक माणसाच्या पेशीवरच्या ग्राहकात बसत नाही. उंदराच्या रक्तात ते हवं तेवढं असतं, पण या पेशींच्या दृष्टीनं ते नसल्यातच जमा. ते संप्रेरक यकृतातली चरबी ताब्यात ठेवायला मदत करतं, म्हणून माणसाच्या पेशींनी भरलेलं यकृत हळूहळू चरबीनं फुगतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर पेशीत पांढऱ्या पोकळ्याच पोकळ्या, आणि मधे जिथे उंदराच्या मूळ पेशींचं बेट उरलंय तिथे स्वच्छ. एकाच काचपट्टीवर दोन्ही. जपानमधल्या गटानं अशा उंदरांना माणसाचं वाढीचं संप्रेरक टोचून बघितलं, तर चरबी उतरली.

याचा त्रास आम्हाला असा, की औषध देण्याआधीच यकृत थोडं चरबीचं असतं. मग औषधानं चरबी वाढली की आधीचीच होती हे ठरवायला, त्याच दात्याच्या पेशी असलेले पण औषध न दिलेले उंदीर शेजारच्या पिंजऱ्यात ठेवावेच लागतात. उंदीर महाग, दात्याच्या पेशी मोजक्या, त्यामुळे हिशोब जमवताना सगळ्यात आधी कात्री याच पिंजऱ्यावर येते. तिथे मी भांडते. मुलाला सांगा, फॅटी लिव्हरवरची औषधं तपासायला हाच दोष काही जण मुद्दाम वापरतात.